नाव न सांगण्याची शपथ

वर्ध्याला आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना सेवाग्रामला नेण्याचा रिवाज आजीच्या काळापासून चालत आला आहे. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला होता, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा. तापलेल्या रस्त्यावरून आम्ही छायाचित्रांच्या दालनात शिरलो, तेव्हा डोळ्यांसमोर काही क्षण नुसता अंधार होता. मग हळूहळू भिंतीवरचे चेहरे दिसू लागले. गांधीजींच्या शेजारी चालणाऱ्या एका उंच, रुंद खांद्यांच्या पठाणासमोर तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, हे बादशाह खान ना? यांच्या घरचे पुढे कोणी राजकारणात राहिले का?" हो, सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान तेच, म्हणून मी त्यांच्या मुलाचे, पाकिस्तानातले नेते वली खान यांचे नाव सांगितले. त्याने तिथेच उभ्याउभ्या ते फोनवर शोधले. आधी पाकिस्तानातल्या मर्दान शहरातले त्या नावाचे एक विद्यापीठ आले आणि पाठोपाठ त्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला जमाव मारत असल्याची चित्रफीत. दालनात एकदम घोषणा घुमल्या. त्याने घाईने आवाज बंद केला, पण चित्र चालूच राहिले आणि ते आम्ही दोघांनीही पाहिले. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. शेवटी एवढेच म्हणाला, "तिथले लोकच तसे असतात."

हे वाक्य मला खटकले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचे नाव माझ्या ओठांवर आले होते. २०१८ च्या १ जुलैला पोरे पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच माणसांना जिथे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले गेले, ते हेच गाव. पण ते नाव घेऊन त्याचे तोंड बंद करण्यात मला रस नव्हता. मर्दानमध्ये घडले ते मर्दानमध्येच समजून घेतले पाहिजे, असे मला वाटत होते. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ते प्रकरण वाचायला बसले आणि वाचता वाचता दुसऱ्या एका चित्रफितीपर्यंत पोहोचले. तिच्यात मारहाण नाही. ती खुनानंतरची आहे. एक माणूस जमावासमोर बोलतो, जमलेल्यांचे अभिनंदन करतो आणि गोळी कोणी झाडली ते कोणीही सांगायचे नाही, अशी शपथ सर्वांकडून घेववतो. जमाव ती घेतो. तो माणूस तहसील परिषदेवर निवडून आलेला सदस्य होता. पुढे २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

पहिल्या चित्रफितीपेक्षा ही दुसरी मला जास्त छळत राहिली.

२०१७ च्या १३ एप्रिलची ही गोष्ट आहे. मशाल खान पंचविशीच्या आसपासचा होता आणि मर्दानच्या अब्दुल वली खान विद्यापीठात पत्रकारिता शिकत होता. त्याआधी तो अभियांत्रिकी शिकायला रशियात गेला होता आणि पैसे पुरेनात म्हणून परत आला होता. त्याच्या वसतिगृहातल्या खोलीच्या भिंतींवर मार्क्स आणि चे गव्हेरा यांची चित्रे होती आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली वाक्ये होती. विशीतल्या, खूप वाचणाऱ्या आणि जरा जास्तच वाद घालणाऱ्या मुलाची खोली जगात कुठेही अशीच दिसते. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने एका पश्तू वाहिनीला मुलाखत दिली होती. विद्यापीठाला कुलगुरू नाहीत, त्यामुळे पदव्या अडकल्या आहेत. शुल्क इतर विद्यापीठांच्या मानाने फार आहे. एकेक माणूस दोन-दोन, तीन-तीन पदे अडवून बसला आहे, अशा त्याच्या तक्रारी होत्या. धर्माचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या गुरुवारी विद्यापीठात बातमी पसरली की मशालने ईशनिंदा केली आहे. काय बोलला, कुठे बोलला, कोणी ऐकले, हे कोणी विचारले नाही. त्याच्या एका मित्राला विभागात गाठून मशालविरुद्ध बोलायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला, तेव्हा जमाव त्याच्यावर तुटून पडला. पोलिसांनी त्याला कसेबसे बाहेर काढले. मग जमाव वसतिगृहाकडे वळला. मशालला मारहाण झाली, गोळ्या घालण्यात आल्या आणि मेल्यानंतरही मारणे थांबले नाही. पोलीस आवारात होते. मृतदेह जाळण्यापासून त्यांनी वाचवला. माणूस त्यांच्याकडून वाचला नाही. त्याच दिवसाच्या तारखेचे विद्यापीठाचे एक परिपत्रकही निघाले. ईशनिंदेच्या आरोपाची चौकशी होईपर्यंत मशाल आणि त्याचे दोन मित्र निलंबित, असे त्यात म्हटले होते. मारून टाकलेल्या मुलाचे निलंबन करणारा तो कागद कोणी टंकित केला असेल, त्यावर शिक्का मारताना त्याचा हात कसा चालला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

संयुक्त तपास पथकात तेरा जण होते. मशालने ईशनिंदा केल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. हा खून रागाच्या भरात झालेला नसून महिनाभर आधीपासून ठरवलेला होता, असे त्यांनी नोंदवले. ठरवणाऱ्यांत विद्यापीठाच्या कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी होता आणि पख्तून स्टुडंट्स फेडरेशनच्या तिथल्या शाखेचा अध्यक्ष होता. हे फेडरेशन अवामी नॅशनल पार्टीची विद्यार्थी संघटना आहे. म्हणजे वली खान यांच्या पक्षाची, बादशाह खान यांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाची. इथे माझे वाचन थांबले. मदरशात कोंडून वाढवलेली पोरे, दाढीवाले प्रचारक, बंदुका घेतलेले तालिबान, असे काहीतरी चित्र आपण अशा वेळी मनात तयारच ठेवलेले असते. ते चित्र इथे लागू पडत नव्हते. ज्यांना हा मुलगा डोईजड झाला होता, त्यांना त्याला संपवायचे होते आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त हत्यार कोणते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. ईशनिंदेचा आरोप केला की बाकीचे काम इतर लोक स्वतःहून करतात, आणि ते आपण श्रद्धेपोटी करत आहोत असे मानून करतात. कट करणारे थोडे होते आणि त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांच्यामागे धावलेल्या शेकडो मुलांकडे कसलाही हिशेब नव्हता, आणि त्यांच्याविषयी काय म्हणावे ते मला अजून नीट सुचत नाही.

आमची आजी वर्ध्याचीच. १९३४ मध्ये ती लहान होती. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बादशाह खान आणि त्यांचे थोरले बंधू डॉ. खानसाहेब हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, पण पंजाबात आणि सरहद्द प्रांतात पाऊल टाकण्यास सरकारने त्यांना मनाई केली होती. म्हणून ते वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे राहायला आले. आजी सांगायची की रस्त्याने बादशाह खान जाताना दिसले की आम्ही पोरी त्यांच्या सावलीत चालता यावे म्हणून मागे मागे पळत असू, एवढी ती सावली लांब पडायची. डिसेंबरात याच वर्ध्यात त्यांना पुन्हा अटक झाली, मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल, राजद्रोहाच्या आरोपाखाली. सुटकेनंतर मोजून तीन-साडेतीन महिनेच ते बाहेर राहिले. आजीला त्यांचे राजकारण कळण्याचे ते वय नव्हते. तिच्या सांगण्यात एक उंच, दबक्या आवाजात बोलणारा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस होता आणि त्याच्या अंगाला येणारा साबणाचा वास होता.

त्या माणसाने १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, हे संघटन उभे केले, तेव्हा त्यात येणाऱ्या प्रत्येकाला शपथ घ्यावी लागत असे. ती ईश्वराला साक्षी ठेवून घेतलेली होती. मी हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जो माझ्यावर जुलूम करील त्याला क्षमा करीन, असा तिचा आशय होता. ज्या समाजात खुनाचे देणे पिढ्यान्‌पिढ्या फेडले जात होते, तिथे ही शपथ काय मागत होती, याचा अंदाज आपल्याला इथे बसून येणे कठीण आहे. १९३० च्या २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, आणि खुदाई खिदमतगारांनी उलट हात उचलला नाही. तिथेच गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली गोळ्या झाडायला नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, जन्मठेप झाली. मर्दान तिथून फार दूर नाही. बादशाह खान यांचे चारसद्दा तर त्याच्या शेजारचेच. तोच प्रांत, तीच भाषा, तोच धर्म. 'तिथले लोकच तसे' हे वाक्य या बाजारापुढे टिकत नाही. पण म्हणून मर्दानचे उत्तर मिळते, असेही नाही. उलट ते अधिक अवघड होते.

चारसद्द्याला बादशाह खान यांच्या नावाचेही एक विद्यापीठ आहे. २०१६ च्या २० जानेवारीला, त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, तिथे त्यांच्या स्मरणार्थ मुशायरा होणार होता. सकाळच्या धुक्यात तालिबानी बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी वीसहून अधिक जणांना ठार केले. त्या वेळी मारणारे बाहेरून भिंत ओलांडून आले होते. पंधरा महिन्यांनी मर्दानला मारणारे वर्गातून उठून आले.

ईशनिंदेच्या कायद्याची मुळे सगळ्यांना माहीत असतात, तरी त्यातला एक धागा मला इथे सोडवत नाही. लाहोरात एका पुस्तिकेवरून उसळलेल्या वादानंतर इंग्रजांनी १९२७ मध्ये दंडसंहितेत धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचे २९५-अ हे कलम घातले. ती पुस्तिका छापणाऱ्या प्रकाशकाचा १९२९ मध्ये एका तरुणाने खून केला, आणि त्या तरुणाच्या अपिलात त्याची बाजू मांडायला मुंबईहून लाहोरला गेले ते महंमद अली जिना. फाशी टळली नाही. तो तरुण पुढे हुतात्मा म्हणून पुजला गेला. २९५-अ फाळणीनंतर दोन्ही देशांत राहिले. पाकिस्तानात जनरल झिया यांच्या राजवटीत १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेबद्दलचे २९५-ब आणि १९८६ मध्ये प्रेषितांच्या निंदेबद्दलचे २९५-क आले. १९९० मध्ये संघीय शरियत न्यायालयाने २९५-क खाली मृत्युदंडाशिवाय दुसरी शिक्षाच असू शकत नाही, असे ठरवले. एवढे होऊनही या गुन्ह्यासाठी राज्यसंस्थेने तिथे आजवर एकालाही फासावर चढवलेले नाही. मारले ते रस्त्यावर, तुरुंगात, पोलीस कोठडीत, विद्यापीठात. आणि या आरोपाची एक विलक्षण गोष्ट अशी की जे शब्द उच्चारले गेले असे म्हणतात, ते पुन्हा उच्चारणेही निंदाच मानली जाते. त्यामुळे साक्षीदार ते सांगत नाही, बातमीदार छापत नाही आणि जमावातल्या माणसाला तर ते कधी कळतही नाहीत. आरोप आहे, पण आरोपात काय आहे ते कोणालाही पाहता येत नाही. मुलतानच्या विद्यापीठातले तरुण प्राध्यापक जुनैद हाफिज यांना २०१३ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घ्यायलाही कोणी सहजी तयार नव्हते. मानवाधिकार कार्यकर्ते राशिद रहमान यांनी ते घेतले. पुढच्या तारखेला तू जिवंत नसशील, अशी धमकी त्यांना सुनावणीदरम्यान, न्यायाधीशांसमोर देण्यात आली. २०१४ च्या ७ मे रोजी त्यांच्या कार्यालयात शिरून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जुनैद यांना २०१९ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली.

कुराणातल्या हुजुरात या सुरेत सांगितले आहे की एखादा दुराचारी मनुष्य बातमी घेऊन आला तर तिची नीट शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. ही आयत पाकिस्तानातल्या शाळकरी पोराच्याही कानावरून गेलेली असते. मर्दानच्या त्या गर्दीत ती पाठ असलेले कितीतरी असतील.

मशालचा मृतदेह स्वाबी जिल्ह्यातल्या झैदा या त्याच्या गावी पोहोचला, तेव्हा गावातल्या मौलवीने जनाज्याची नमाज पढवायला नकार दिला. शेवटी एका तंत्रज्ञाला पुढे व्हायला सांगितले गेले, आणि त्यालाही काहींनी अडवायचा प्रयत्न केला. मशालच्या आईने नंतर सांगितले की तिने मुलाचा हात चुंबायला घेतला, तेव्हा त्याची बोटे मोडलेली होती. ते वाक्य वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि उठून पाणी प्यायले. वडील इक्बाल खान कविता लिहिणारे गृहस्थ. सूड हवा असे ते एकदाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या मशालवर ही वेळ येऊ नये म्हणून न्याय हवा, एवढेच ते प्रत्येक कॅमेऱ्यासमोर संथपणे सांगत राहिले. त्यांच्या मुलींना शाळेत जाणे अशक्य झाले, तेव्हा त्यांच्या शिक्षणाची सोय इस्लामाबादला करावी म्हणून त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आपल्याकडे एखाद्या घरात असा मृत्यू झाला तर निदान तेरा दिवस दार उघडे असते आणि माणसे येत-जात असतात. त्या घरावर पहारा होता. पुढे कबरीवरही पहारा बसवावा लागला.

खटल्याचा निकाल २०१८ च्या ७ फेब्रुवारीला हरिपूरच्या तुरुंगात लागला. सत्तावन्न आरोपींपैकी एकाला फाशी, पाच जणांना जन्मठेप, पंचवीस जणांना चार-चार वर्षे, सव्वीस निर्दोष. फाशीची पुढे उच्च न्यायालयात जन्मठेप झाली. अशा प्रकरणांत इतक्या जणांना शिक्षा होणे ही तिथे लहान गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. शपथ घेतलेल्या जमावातल्याच कितीजणांच्या फोनमधल्या चित्रफिती पुराव्यात आल्या. नाव सांगायचे नाही असे ठरवणाऱ्यांनी चेहरे मात्र स्वतःच टिपून ठेवले होते. पण त्याच दिवशी सुटलेल्यांच्या स्वागतासाठी मोटारमार्गावर रशाकईच्या नाक्याशी गर्दी जमली. त्यांच्या गळ्यात हार पडले, भाषणे झाली, घोषणा झाल्या.

हारांचे हे दृश्य मला ओळखीचे वाटले. २०११ च्या ४ जानेवारीला इस्लामाबादच्या कोहसार बाजारात पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. आसिया बीबी या शेतमजूर ख्रिस्ती स्त्रीची फाशी अन्यायाची आहे आणि हा कायदा सदोष आहे, असे ते म्हणाले होते, एवढाच त्यांचा अपराध. मारेकऱ्याला न्यायालयात आणले गेले, तेव्हा काळे कोट घातलेल्या वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. कायदा शिकलेली, कायद्यावर पोट भरणारी माणसे. २०१६ मध्ये त्याला फाशी झाल्यावर त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली आणि इस्लामाबादजवळ त्याच्या कबरीवर दर्गा उभा राहिला. आसिया बीबी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटली, आणि तिला देश सोडावा लागला. खून करणाऱ्यांचे हात प्रत्येक वेळी वेगळे असतात. फुले घेऊन येणारे मात्र तेच ते असतात, असे मला वाटू लागले आहे. त्यांच्यावर कुठलेच कलम लागत नाही. जमावाला नाव लपवावेसे वाटते, कारण शिक्षेची भीती आहे. पाकळ्या उधळणाऱ्याला काहीच लपवावे लागत नाही.

भाच्याला मी नंतर हे सगळे फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "पण मावशी, त्या मित्राने नकार दिला तेव्हा त्याच्या मनात काय असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मशालच्या विभागातल्या एका शिक्षकाने दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत राजीनामा जाहीर केला होता, आपण आपल्या विद्यार्थ्याला वाचवू शकलो नाही म्हणून. त्याची नोंद कुठेतरी सापडते. मित्राविषयी मात्र त्या दिवसानंतर फारसे काही सापडत नाही. बहुधा त्याने स्वतःच तसे होऊ दिले असावे, आणि त्यात त्याचे शहाणपणच असेल.

२०२४ च्या सप्टेंबरात सिंधमध्ये उमरकोटच्या एका सरकारी डॉक्टरांवर फेसबुकवरील मजकुरावरून हाच आरोप झाला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि चकमकीत मेले असे सांगून ठार केले. त्या पोलिसांच्या अंगावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, त्यांना हार घातले गेले, आणि ती छायाचित्रेही त्यांनीच हसत काढू दिली. घरचे लोक मृतदेह दफनासाठी नेत असताना जमावाने तो हिसकावून जाळला. जळत्या देहाजवळ जाऊन तो वाचवण्याचा प्रयत्न करणारा एक माणूस होता. तो तिथल्या कोल्ही समाजातला गरीब हिंदू होता. त्यानंतर जे झाले ते मर्दानला झाले नव्हते. सिंधच्या गावागावांतून माणसे त्या डॉक्टरांच्या कबरीकडे येऊ लागली. बायकाही आल्या. मौलवींनी नाकारलेली जनाज्याची नमाज तिथे लोकांनी पढली आणि त्या कोल्ही माणसाचा जाहीर सत्कार केला. प्रांताच्या गृहमंत्र्यांना पत्रकारांसमोर कबूल करावे लागले की ती चकमक बनावट होती. मग १३ ऑक्टोबरला कराचीच्या प्रेस क्लबवर लेखक, कार्यकर्ते आणि विद्यार्थ्यांनी सिंध रवादारी मार्च, म्हणजे सहिष्णुतेचा मोर्चा काढायचे ठरवले. त्याच्या विरोधात धर्मरक्षणवाल्यांनीही त्याच दिवशी मोर्चाची हाक दिली. सरकारने १४४ कलम लावले. चकमक बनावट असल्याचे कबूल करून तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्याच सरकारच्या पोलिसांनी प्रेस क्लबसमोर रवादारीच्या मोर्चावर लाठ्या चालवल्या आणि त्यातल्या बायकांनाही ओढत नेऊन गाड्यांत कोंबले.